ऐकू आलं की दाबा

सकाळी साडेआठला ब्रेडला लोणी लावता लावता ही म्हणाली, की बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या बाईंचा फोन आला होता, घर बदलताना त्यांना ती कॅसेट सापडली. कुठली कॅसेट, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो, आणि तेवीस वर्षं मी या घरात ठाऊक नसलेल्या माणसाचं सोंग बेमालूम वठवत आलो आहे. पण नेमका तेव्हा तोंडात चहाचा घोट होता आणि तो गिळायचा कसा हेच मला आठवेना. ही पुढे सांगत होती. बाई तालमीला येताना शाळेतला छोटा टेपरेकॉर्डर आणायच्या, झरोक्याच्या कट्ट्यावर ठेवून चालू करायच्या, घरी जाऊन आपलं वाजवणं तपासता यावं म्हणून. त्या रविवारीही तो चालू होता. आमच्या बँडची तिसरी रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या कंपनीने त्या कॅसेटवरचा आवाज साफ करून घेतला आणि हिच्याकडे पाठवला, कारण त्या रविवारी गेलेल्या आमच्या पत्र्याचं, मागे राहिलेलं जवळचं माणूस म्हणून सही हिची लागते. "सगळं आहे म्हणे त्यात. आधीचं, नंतरचं," ही म्हणाली. "घरी लॅपटॉपवर ऐकावंसं वाटत नाही. तुझ्या त्या खोलीत ऐकते. दुपारी दुकान बंद करून येते."

मी बरं म्हणालो. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. हिने ताटल्या विसळल्या, औषधाच्या दुकानाच्या किल्ल्या पर्समध्ये आहेत की नाहीत ते वरूनच चाचपून पाहिलं आणि गेली. दार ओढून घेण्याचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता का, याचा मी बराच वेळ विचार केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. जिना उतरताना शेजारचे काका नुसतं "काय, आज उशीर?" म्हणाले, तर मी त्यांना उशिराची तीन कारणं सांगितली. रस्त्यावर कोणी पत्र्याचं शटर वर ढकललं आणि माझ्या पोटात गोळा आला. तसा तो रोजच येतो. शटर, टेम्पोचं मागचं फळकं, वाऱ्याने हलणारी दुकानाची पाटी, काहीही पत्र्याचं थरथरलं की येतो. एरवी मी त्याला ओळख न दाखवता पुढे जातो. आज तो दवाखान्यापर्यंत बरोबर आला.

माझं काम कान तपासायचं. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, मी तळमजल्यावर. माझ्या खोलीत आणखी एक खोली आहे, एका माणसाची, वीतभर जाड दाराची, आतून सगळीकडे फोम लावलेली, मध्ये काचेची खिडकी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात वायरचं बटण द्यायचं आणि सांगायचं, ऐकू आलं की दाबा. मग दार लावून बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या. त्याने बटण दाबलं की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. एकोणीस वर्षं दिवसातून वीस-बावीस वेळा मी हे वाक्य म्हणतो, झोपेतही म्हणतो असं ही सांगते. म्हातारी माणसं काही ऐकू आलं नसतानाच दाबतात, नापास व्हायच्या भीतीने. आणि काही जण ऐकूनही दाबत नाहीत, कोणावर तरी राग असतो, किंवा बहिरं ठरण्यात त्यांची सोय असते. बोट खोटं बोलतं, पण पापणी हलते. मला काचेतून कळतं. शेकडो लोकांचे कान ज्याने बधिर केले त्याने आता कान तपासून पोट भरावं, हा विनोद आमच्या ड्रमवाल्या सुताराने नक्की केला असता, माझ्याशी बोलत असता तर.

आमच्या बँडचं नाव खरवड. नाव माझ्या आईने दिलं, म्हणजे शिवी म्हणून दिलं. पहिली तालीम आमच्या घरी झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, करपलेल्या पातेल्याची खरवड काढल्यासारखं वाटतंय, हे लोकांना ऐकवणार आहात का? आम्ही चौघे इतके हसलो की दुसरं नाव शोधायचं कारणच उरलं नाही. मी गिटार वाजवायचो, म्हणजे गिटारीला जे जे करायचं नसतं ते करायचो. भूमिती शिकवणाऱ्या बाई बेस वाजवायच्या, गंभीर चेहऱ्याने, फळ्यावर रेघ मारल्यासारख्या. सुताराकडे ड्रम होते आणि त्याच्या कारखान्याखालचं तळघर होतं. आणि पत्र्या होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता आणि कुठल्याशा जुन्या लिफ्टचं दार घेऊन आला होता, पुरुषभर उंचीचा पत्रा, वर दोन स्प्रिंगा जोडलेल्या, मागे चिकटवलेला माइक. दोन्ही हातांनी तो पत्रा धरून हलवायचा. त्यातून जे निघायचं त्याला सूर म्हणता येणार नाही, पण ते ऐकताना दातांच्या मुळांना समजायचं की काहीतरी मोठं जवळून चाललं आहे. आमचा नियम एकच होता आणि तो मी केला होता. मध्ये थांबायचं नाही. तार तुटली, माइक पडला, कोणी ठेचकाळलं, कोणी ओरडलं, तरी ते सगळं वाजवण्यात घ्यायचं. चूक नावाची गोष्टच नसते, असं मी मुलाखतीत सांगायचो, पायावर पाय टाकून. तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं आणि माझ्याएवढं शहाणं कोणी नव्हतं.

पहिल्या कार्यक्रमाला साठ माणसं होती, शेवटी नऊ उरली, त्यातला एक सभागृहाला कुलूप लावायला थांबलेला. दुसरा दिवस आम्ही त्या नवांची नावं आठवण्यात घालवला. मग एक छोटी रेकॉर्ड निघाली, मग दुसरी. कुठल्याशा मासिकात कोणीतरी लिहिलं, यंत्राला ताप भरला तर ते असं कण्हेल. ते कात्रण सुताराने तळघरात खिळ्याने ठोकलं. टेम्पोत सामान भरून आम्ही गावोगाव गेलो, पत्र्या स्वतःच्या पत्र्यावरच आडवा व्हायचा, दुसरं कोणी त्याच्यावर बसलेलं त्याला खपायचं नाही. एका गावात चिडलेल्या व्यवस्थापकाने वीजच तोडली, तर सुतार आणि पत्र्या विजेशिवाय पाव तास वाजवत राहिले, आणि गल्लीतली माणसं आत येऊन उभी राहिली. त्या दिवशी पत्र्याने बहिणीला फोन केला आणि रिसीव्हर पत्र्याला लावला. ती बहीण म्हणजे ही. तेव्हा ही मला "त्याचा तो गिटारवाला" म्हणायची. कार्यक्रमाला कधी आली नाही, म्हणायची, माझा भाऊ घरातच पुरेसा आवाज करतो.

पत्रा चावतो, असं पत्र्या महिनाभर सांगत होता. चावतो म्हणजे हाताला झिणझिण्या येतात. लिफ्टवाला होता, विजेशी रोजची गाठ, त्यामुळे ते तो विनोदाने सांगायचा आणि आम्ही विनोदाने ऐकायचो. अर्थिंग बघून घेऊ, असं मी म्हणायचो. दर रविवारी म्हणायचो. पोहणाराच बुडतो, असं नंतर लोक म्हणाले आणि मी मान हलवली. त्या रविवारी सकाळी सुताराने नेहमीप्रमाणे भुसा उडू नये म्हणून फरशीवर पाणी मारलं होतं. पत्र्याने चपला काढल्या होत्या, का ते मला माहीत नाही. सातव्या की आठव्या मिनिटाला पत्र्यातून एक आवाज निघायला लागला, जो मी चार वर्षं शोधत होतो. पत्रा एका जागी धरून कोणी इतका वेगाने थरथरवू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्यावर पत्र्याच्या स्वतःच्या गळ्यातला आवाज, उंच, एकसंध, श्वास न घेता. आम्ही सगळेच ओरडायचो, ते काही नवं नव्हतं. त्याची पाठ माझ्याकडे होती. मला रडू आलं, आनंदाने, हे मी खरं सांगतो आहे. मी त्याच्या माइकचा आवाज वाढवला आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "सोडू नकोस! धरून ठेव!"

तो धरूनच होता. त्याला सोडता येत नव्हतं.

चाळीस सेकंदांनी सुताराने काड्या टाकल्या आणि भिंतीतला प्लग लाथेने उडवला. नियम त्याने मोडला. पत्र्या पत्र्यासकट खाली आला. मग काय झालं ते माझ्याकडे सलग नाही. बाईंचे गुडघे ओल्या भुशात टेकलेले आठवतात, सुताराचे दोन्ही तळहात त्याच्या छातीवर, आणि त्या दोन्हींच्या आधीचं एक वाक्य, जे मी म्हणालो असेन असं मला वाटतं. असेन. नक्की नाही. तेवीस वर्षं मी त्या वाक्याच्या आजूबाजूने चालतो, खड्डा टाळावा तसा. सुतार त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलला, दवाखान्याच्या जिन्यात. म्हणाला, "मी बघत होतो. तू ऐकत होतास." एवढंच, आणि पुढे आमचं बोलणं नाही.

पत्र्याच्या घरी निरोप घेऊन मी गेलो. दार हिने उघडलं, मागे हिची आई. मी म्हणालो, एका क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. दुसरं काय म्हणणार होतो? माणसं असंच म्हणतात. पण हिच्या आईने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पुढे माझी सासू झाल्यावरही कोणी आलं-गेलं की सांगायची, क्षणात गेला हो, नशीब, हाल नाही झाले. मग माझ्याकडे बघायची आणि मी मान डोलवायचो. ही त्याच वाक्याचा हात धरून माझ्याजवळ आली. पहिली दोन वर्षं ती रात्री दचकून उठायची, मला विचारायची, खरंच ना रे? मी म्हणायचो, खरंच. हळूहळू ती झोपायला लागली. आमचा संसार त्या झोपेवर उभा आहे.

आणि मधल्या काळात, बँडच्या स्वतःच्या मोठ्या टेपवर त्या तालमीचं जे रेकॉर्डिंग झालं होतं, ते मी कापलं. ब्लेडने. पत्र्याची आठवण म्हणून शेवटची तालीम रेकॉर्डवर घ्यायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सुताराने हो-नाही काहीच म्हटलं नाही. चाळीस सेकंदांतले एकतीस मी काढले, माझा आवाज काढला, नऊ ठेवले आणि पुढे एकदम शांतता जोडली. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज एका झटक्यात विझला. एकतीस सेकंदांची टेप हातात घेतली तर सहा मीटर भरते, मी ती मोरीत जाळली, आणि त्या वासाने माझ्या आईला ओकारी आली. जगात जिथे कुठे खरवडचं नाव घेतात तिथे त्या नऊ सेकंदांचं घेतात. पत्रं यायची, लांबलांबच्या देशांतून, हा आवाज तुम्ही कसा काढलात? मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, त्यावरून मी मोठा विनम्र कलावंत आहे अशी ख्याती झाली.

दुपारी एकपर्यंत मी सात कान-जोड्या तपासल्या. एक निवृत्त टाइपिस्ट बाई प्रत्येक शिट्टीच्या आधीच बटण दाबत होत्या. मी त्यांना म्हणालो, घाई नाही, येऊ तर द्या. त्या म्हणाल्या, मला भीती वाटते की येईल आणि मला कळणार नाही. मी त्यांचा तक्ता भरताना उजव्या कानाचं डाव्यात लिहिलं. मला कशाची भीती वाटते, हे मी स्वतःला स्पष्ट विचारून पाहिलं. तुरुंग वगैरे नाही. ही निघून जाईल? हो, पण त्याहून जवळची एक आहे. संध्याकाळी घरी आल्यावर ही मान वर करून माझ्याकडे बघते, एक क्षणभर, आणि पुन्हा कामाला लागते. ते बघणं बंद होईल. दीड वाजता मी उठलो, यंत्राच्या मागे हात घातला आणि हेडफोनची पिन उपसून ठेवली. यंत्र बिघडलं आहे म्हणून सांगू. आज नाही झालं तर उद्या, उद्याचं उद्या बघू. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा मी पुन्हा खुर्चीत येऊन बसलो.

ही दोन वाजता आली. मी म्हणालो, यंत्र सकाळपासून नखरे करतंय. ती यंत्राच्या मागे वाकली, सुटी पिन उचलली, बोटाने पुसून जागेवर बसवली आणि पर्समधून आणलेला पेनड्राइव्ह यंत्राला जोडला. शेवटी लिफ्टवाल्याची बहीण. माझ्याकडे बघितलं नाही, किंवा बघितलं असेल, मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. ती आत जाऊन बसली, हेडफोन स्वतःच चढवले, आणि मी सवयीने बटण तिच्या हातात दिलं. सवयीने म्हणालोही, ऐकू आलं की दाबा. ती किंचित हसली. तिने ते हसणं पुसलं नव्हतं तोच मी दार लावलं.

मलाही बाहेर ऐकायची सोय असते. मी ती बंद ठेवली. बारा मिनिटांची नोंद होती, आकडे पुढे सरकत होते आणि माझ्या खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. विसाव्या सेकंदाला दिवा लागला आणि विझला. पत्र्या बोलला असणार. काचेतून तिचा चेहरा दिसत होता, भावाचा आवाज तेवीस वर्षांनी कानात आलेला, आणि तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, लहानपणीचा असावा. मला धावत जाऊन दार उघडावंसं वाटलं. एका बोटाने थांबवता आलं असतं, तेही यंत्र माझं, बटण माझ्या हाताखाली. मी थांबवलं नाही. मध्ये थांबायचं नाही, हे एवढंच मला चांगलं येतं. आठव्या मिनिटाला ती पुढे वाकली. मग दिवा लागला. लागला तो विझेना. तिचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती, काचेतून, पापणी न हलवता. मी आकडे मोजत नव्हतो, तरी मोजले गेले. चाळीस. दिवा विझला. मला वाटलं संपलं. मग थोड्या वेळाने तो आणखी एकदा लागला, अगदी थोडा. त्या जागी काय असेल ते मला माहीत होतं.

उरलेली मिनिटं तिने पूर्ण ऐकली. मग हेडफोन काढून गुडघ्यांवर ठेवले, केस नीट केले आणि दार आतून ढकललं. तिच्या कानांभोवती गोल वळ उठले होते. ती रडली नव्हती.

"आईला तू सांगितलंस, एका क्षणात गेला."

"हो."

"आई गेली ते बरं झालं." ती टेबलाशी टेकली, दिव्याकडे बघत होती. "तू ओरडलास ते त्याला ऐकू गेलं असेल. त्याला वाटलं असेल, आपण चांगलं वाजवतोय."

तिचा आवाज मऊ होता, आणि मला तो चढायला हवा होता, काहीतरी फेकून मारायला हवं होतं तिने.

"प्लग काढल्यावर तू पहिलं काय बोललास, आठवतंय?"

"नाही," मी म्हणालो.

"खरंच ना रे?"

दोन वर्षं रोज रात्री विचारायची ते, त्याच शब्दांत. आणि माझ्या तोंडून तेच उत्तर निघालं, सरावाने, विचार न करता. "खरंच."

"मग बस आत," ही म्हणाली.

मी एकोणीस वर्षांत या खुर्चीत बसलो नव्हतो. बसल्यावर कळतं की ती फार खोल आहे. हेडफोन तिच्या कानांनी कोमट होते. तिने बटण माझ्या हातात ठेवलं, माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली, आजाऱ्याला गोळी देताना मिटवतात तशी, आणि वाक्य म्हणाली नाही, ते मला पाठ होतं. दार लागलं. आतली शांतता इतकी दाट होती की माझ्या कानातली जुनी शिट्टी, त्या वर्षांची ठेव, मला मोठ्याने ऐकू आली. काचेपलीकडे ही माझ्या खुर्चीवर बसली. तिने यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

खाकरणं. पाण्याची बादली फरशीवर टेकल्याचा आवाज. बाई म्हणतात, चालू केलाय हं. मग पत्र्या, इतक्या जवळ की मी मान वळवली: "आज पत्रा चावतोय रे." आणि माझा आवाज, तरुण, खुशीत, "चावू दे, त्याला पण भूक लागते." सगळे हसतात. पत्र्यासुद्धा हसतो. हे वाक्य मी विसरलो होतो, अगदी खरोखर विसरलो होतो, आणि कोणाची शपथ घेऊन सांगू, आता कोण विश्वास ठेवणार? मग ते सुरू झालं, आणि सात मिनिटं मी आपल्याच वाजवण्यात दडून बसलो. मग तो आवाज आला. ब्लेड न लागलेला. त्यात श्वास घेण्याचा प्रयत्न होता, तीन वेळा, जो मोठ्या टेपवर ड्रमखाली दबला होता. त्याच्यावर मी, सोडू नकोस, धरून ठेव. मी डोळे मिटले, पण कानांना पापण्या नसतात. चाळीस सेकंद मला कोणी कापून दिले नाहीत. प्लग उडाला. पत्रा फरशीवर आदळला आणि घुमत घुमत थांबला. बाई पत्र्याचं खरं नाव घेऊन हाक मारतात. सुताराचे पाय पळत येतात. आणि त्या सगळ्याच्या वर, धापा टाकत, आनंदाने फुटणारा माझा आवाज:

"टेप चालू होता ना?"

मी डोळे उघडले. ही काचेतून माझ्या हाताकडे बघत होती. ऐकूनही न दाबणारी माणसं असतात, मला ती ओळखता येतात, तिलाही येत असावीत. इतकी वर्षं तीच तर एकाबरोबर राहिली आहे. माझा अंगठा गार होता आणि बटण कडक होतं.

मी दाबलं.